द्राक्षचोथ्याचा ढीग तापत नाही, आंबट वास येतो? या क्रमाने तपासा

काढणीच्या हंगामात वायनरीतून सगळा माल एकदम बाहेर पडतो: दाबून रस काढलेल्या साली, बिया, घडांचे देठ आणि टाक्यांच्या तळाचा गाळ. खत करायला त्याचा ढीग रचला जातो, दोन-तीन दिवस तो कोमट होतो आणि मग तिथेच बसतो. महिन्याने उकरून पाहिलं तर साली जशाच्या तशा, आणि वास व्हिनेगरचा.

असे अडलेले ढीग मी बरेचदा मार्गी लावले आहेत. जवळजवळ प्रत्येक वेळी माझ्याआधी ढिगात युरिया पडलेला असतो आणि जिवाणू कल्चरचे डबे रिकामे झालेले असतात. चोथ्याच्या बाबतीत ही दोन्ही औषधं बहुतेक वेळा चुकीच्या दुखण्यावर दिली जातात. ढीग अडतो तो आत हवा पोचत नाही म्हणून, आणि हवा नसल्याने जी आम्लता मुरते तिच्यामुळे. म्हणून खालच्या क्रमात हात, नाक आणि बादली आधी येतात, पैसे खर्चायच्या गोष्टी मागून.

लक्षणं

सगळी एकाच वेळी दिसतील असं नाही. यातली दोन-तीन जुळली तरी तुमचा ढीग याच दुखण्याचा आहे असं समजा.

- तापमान ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि तिथेच अडकतं किंवा परत उतरतं.
- ढिगाजवळ गेलं की व्हिनेगरचा, खवट किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो.
- तळातून गडद तपकिरी किंवा जांभळट पाणी झिरपतं.
- वरचा वीतभर थर वाळून कडक झालेला आणि आत चिखल.
- चिलटांचे थवे हटत नाहीत.
- फावड्याने कापलं की आत सालींचे एकावर एक चिकटलेले ओले पापुद्रे निघतात. लाल द्राक्षाचा चोथा असेल तर ते अजून चक्क गुलाबी-लाल असतात.

शेवटच्या लक्षणाकडे नीट बघा. सालीतला लाल रंग आम्लात लाल टिकतो. आम्ल कमी झालं आणि हवा लागली की तो मावळून तपकिरी होतो. महिनाभराने ढिगाच्या पोटातला पापुद्रा उलगडला आणि आतली बाजू काढणीच्या दिवशी होती तशी लालभडक दिसली, तर तिथे अजून कुजण्याला सुरुवातच झालेली नाही. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजायच्या आधीच ढिगाने उत्तर दिलेलं असतं.

बिया शाबूत दिसतात हे मात्र लक्षण धरू नका. द्राक्षाच्या बीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि तेल भरपूर असतं, ती सगळ्यात शेवटी कुजते. चांगल्या तयार खतातही बिया दिसतात, त्यात काही बिघडत नाही.

१. आधी नाक, मग हात

खर्च शून्य. ढिगाच्या बाजूला कोपरभर खड्डा करा आणि आतला माल हातात घेऊन हुंगा.

व्हिनेगरचा वास म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल: हवा कमी आहे आणि साखर किंवा अल्कोहोल अजून शिल्लक आहे. खवट लोण्याचा वास आला तर हवा जवळजवळ संपली आहे. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. द्राक्षांवर फवारलेलं गंधक आणि वायनरीत वापरलेलं सल्फाइट चोथ्यात उतरतं, त्यामुळे कोंडलेल्या ढिगात हा वास लवकर धरतो. नाकाला झोंबणारा अमोनिया येत असेल तर दुखणं वेगळं आहे, तिथे नत्र जास्त झालंय. थेट सातव्या तपासणीकडे जा.

ही तपासणी पहिली का, तर पुढच्या सगळ्यांची दिशा इथे ठरते. आंबट वासाच्या ढिगात युरिया टाकणं आणि अमोनियाच्या ढिगात चुना टाकणं, दोन्हींनी नुकसानच होतं.

२. मुठीची ओल

आतला माल मुठीत घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले आणि मूठ उघडल्यावर गोळा थोडा सैल झाला, तर ओल साधारण ५० ते ६० टक्के आहे, म्हणजे हवी तेवढी. धार लागली तर जास्त. गोळाच झाला नाही, माल भुरभुर सुटला, तर कमी.

दाबयंत्रातून निघालेल्या ताज्या चोथ्यात ५५ ते ७० टक्के पाणी असतं. म्हणजे ढीग रचतानाच तो बहुधा ओलाच असतो, वरून पाणी मारायची गरज नसते. तरी सवयीने मारलं जातं. जमिनीला जसा वाफसा लागतो तसाच ढिगालाही लागतो: कणाकणाभोवती पाण्याचा पातळ थर, आणि मधल्या पोकळीत हवा. पोकळी पाण्याने भरली की हवेत जगणारे जिवाणू संपतात आणि आंबवणारे उरतात.

उलट बाजूही सांगतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. ढिगाचा वरचा भाग एकदा कडकडीत वाळला की त्यावर पाणी मुरत नाही, ओघळून जातं. मग वर मारलेलं पाणी कडेने तळाशी उतरतं, मधला भाग कोरडा राहतो आणि पाय ओला. अशा ढिगाला पाणी द्यायचं तर पलटताना, थोडं थोडं, झारीने किंवा फवाऱ्याने.

पाऊस लागत असेल तर झाका, पण ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळू नका. वरून झाकलेलं, बाजूंनी मोकळं.

३. सळई आणि ढिगाचं माप

लांब दांड्याचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या पोटात दोन-अडीच फूट खुपसा, दहा मिनिटांनी ओढून लगेच हाताने धरा. धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या आसपास किंवा वर आहे. सहज धरवत असेल तर ढीग झोपलाय. किमान चार-पाच जागी बघा, कारण चोथ्याचा ढीग सगळीकडे सारखा नसतो. एका जागी ६० आणि हातभर अंतरावर ३५ हे नेहमीचं आहे. सळईला बाहेर काढताना चिकटलेला चिकट गाळ आणि त्याचा वास हीसुद्धा माहितीच आहे.

मग उंची-रुंदी बघा. एक घनमीटरपेक्षा लहान ढीग आपली उष्णता धरून ठेवू शकत नाही. पण जास्त मोठाही उपयोगाचा नाही: नुसत्या चोथ्याचा ढीग उंच गेला की खालचा माल स्वतःच्याच वजनाने दाबला जातो. पहिल्या महिन्यात दीड मीटरच्या वर जाऊ नका, पाया अडीच-तीन मीटर, लांबी जागेप्रमाणे. आणि लोडर ढिगावर चढवू नका. जागा वाचवायला चढवलेलं एक चाक खालची सगळी हवा काढून टाकतं.

४. वायनरीला विचारा: नेमकं काय पाठवलं?

एक फोन पुरतो. तीन गोष्टी विचारा.

पांढऱ्या वाइनचा चोथा की लाल? पांढऱ्यात द्राक्षं आंबवण्याआधी दाबतात, त्यामुळे चोथ्यात साखर असते. तो झपाट्याने आंबतो आणि तितक्याच झपाट्याने हवा खातो. लालमध्ये साली रसाबरोबर आंबवून मग दाबतात. साखर जवळपास संपलेली, अल्कोहोल शिल्लक. पांढरा चोथा आला त्याच दिवशी मिसळायला हवा, लाल एखादा दिवस थांबू शकतो.

टाकीच्या तळाचा गाळ किती आहे? या गाळात मेलेलं यीस्ट असतं, म्हणजे नत्र भरपूर. पण तो पातळ आणि आंबटही असतो, त्यात टार्टारिक आम्लाचे क्षार साचलेले असतात. एका जागी ओतला की तिथे लेपासारखा बसतो आणि हवा बंद करतो. कोरड्या काड्यांच्या चुऱ्यात आधी मिसळा, मग ढिगात पसरून घाला.

गाळण्याची माती किंवा धुण्याचं पाणी त्यात आलंय का? गाळण्याला वापरलेली डायटोमाइट माती ओली असेपर्यंत ठीक, वाळली की तिची सिलिकाची धूळ फुफ्फुसाला घातक. मास्क लावा, ओली असतानाच मिसळा. टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतल्या असतील आणि ते पाणी किंवा त्याचा गाळ ढिगात येत असेल, तर तो वेगळा ठेवायला सांगा. त्यातलं सोडियम कुजत नाही, ते खतातून सरळ शेतात जातं आणि मातीची घडण मोडतं.

याच फोनवर आणखी एक मागणी करा: देठ वेगळे द्या. बऱ्याच ठिकाणी ते चोथ्यात मिसळून किंवा बारीक दळून पाठवतात. न दळलेले देठ पुढच्या तपासणीत तुमचे पैसे वाचवतील.

५. बादलीची चाचणी

सगळ्या तपासण्यांत मला ही सर्वात मोलाची वाटते आणि सर्वात कमी लोक ती करतात. लागतं काय, तर १० लिटरची बादली, वजनकाटा आणि मोजायचं भांडं.

ढिगाच्या आतला माल बादलीत एक-तृतीयांश भरा. बादली वीतभर उंचीवरून जमिनीवर दहा वेळा आपटा. दोन-तृतीयांशापर्यंत भरा, पुन्हा दहा वेळा. काठोकाठ भरा, पुन्हा दहा वेळा. खाली बसलेला भाग शेवटी भरून काढा, आता आपटू नका. बादलीचं वजन वजा करून मालाचं वजन घ्या. ६ किलोच्या वर गेलं, म्हणजे घनमीटरला ६०० किलोहून जास्त, तर माल फार घट्ट आहे.

आता त्याच बादलीत मोजून पाणी ओता, काठापर्यंत येईपर्यंत. जितकं पाणी मावलं तितकी आत हवेची जागा होती. साडेतीन ते पाच लिटर मावलं तर ढीग श्वास घेऊ शकतो. तीन लिटरपेक्षा कमी मावलं तर कुठलंही कल्चर, कितीही नत्र घातलं तरी तो तापणार नाही.

इलाज: ढीग पूर्ण उलगडा. सालींचे पापुद्रे काट्याने किंवा पंजाने फोडून मोकळे करा. ढेकळं तशीच राहिली तर प्रत्येक ढेकळात तेच दुखणं शिल्लक राहतं. मग आकारमानाने तीन भाग चोथ्याला एक ते दीड भाग जाडसर माल मिसळा. द्राक्षवेलीच्या छाटणीच्या काड्या दोन ते पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांत करून मिळाल्या तर त्याहून चांगलं काही नाही. न दळलेले देठही चालतात. पेंढा पहिले दोन-तीन आठवडे बरा, नंतर लोळागोळा होतो. लाकडाचा बारीक भुसा मात्र या कामाला नको: तो पाणी शोषतो, पण पोकळी तयार करत नाही.

मिसळून झालं की बादली पुन्हा भरा आणि मोजा. आकडा सुधारला नाही तर अजून काड्या घाला. अंदाजाने रचू नका.

बहुतेक अडलेले ढीग इथेच सुटतात. रचल्यापासून दोन-चार दिवसांत सळई हातात धरवेनाशी होते. ५५ ते ६५ अंश हे चालू ढिगाचं ठीक तापमान. ६५ ओलांडलं किंवा चढलेलं तापमान उतरायला लागलं की पलटी मारा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, सांडपाण्याच्या गाळासाठी केलेल्या नियमात लांबट ढिगाला ५५ अंश किंवा जास्त तापमानावर १५ दिवस आणि त्या काळात किमान ५ पलट्या सांगितल्या आहेत. चोथ्यासाठीही मी तीच मोजपट्टी धरतो, कारण बाहेरचा थंड माल प्रत्येक पलटीत आत जातो आणि रोगट पानं-साली त्याच उष्णतेत निर्धोक होतात.

पलटी झाल्यावर वरून चार-सहा बोटं जुन्या खताचा थर द्या. वास धरून राहतो आणि चिलटांना अंडी घालायला ओला गोड चोथा सापडत नाही.

६. सामू

हवा दिली, ओल बेताची केली, तरी तापमान चाळिशीतच अडतंय? आता सामू बघा. एक भाग माल, पाच भाग शुद्ध पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा आणि पट्टी किंवा मीटर बुडवा.

ताज्या चोथ्याचा सामू साधारण ३.५ ते ४.५ असतो. ही आम्लता स्वाभाविक आहे आणि हवेशीर ढिगात ती आपोआप उतरते, कारण जिवाणू ती आम्लंच खातात. अडचण मध्ये येते. कोमट अवस्थेतले जिवाणू आम्ल सहन करतात, पण ४० अंशांच्या पुढे कामाला येणाऱ्या जिवाणूंना सहाच्या खालचा सामू झेपत नाही. एक तुकडी थकते, दुसरी कामाला येत नाही. तापमान नेमकं त्याच ठिकाणी का अडतं, त्याचं कारण हे.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तयार झालेलं जुनं कंपोस्ट, १० ते २० टक्के. ते आम्ल शोषतं आणि हवे ते जिवाणूही घेऊन येतं. विकतच्या कल्चरपेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवतो. जुनं खत हाताशी नसेल तर कुजलेलं शेणखत घाला. तरीही सामू पाचच्या खालीच असेल तर चुनखडीची पूड, हलक्या हाताने, टनाला पाच ते दहा किलोपासून सुरू करा. कळीचा चुना नको. तो हात भाजतो आणि सामू एकदम वर नेऊन नत्र अमोनियाच्या रूपाने उडवून लावतो. राखही जपून. चोथ्यात पालाश आधीच भरपूर आहे, राखेने तो आणि क्षार दोन्ही वाढतात.

७. नत्र: आता, आधी नाही

हिशोब करून बघा. एक टन ताज्या चोथ्यात ६५ टक्के पाणी धरलं तर कोरडा माल ३५० किलो. त्यात निम्मा कर्ब, म्हणजे १७५ किलो. नत्र कोरड्या वजनाच्या २ टक्के धरलं तर ७ किलो. कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ला १ आलं, आणि कंपोस्टला हवं असतं २५ ते ३० ला १. त्यातही बियांमधला बराच कर्ब इतक्या लवकर वापरात येत नाही. म्हणजे चोथा मुळात नत्राचा भुकेला नाही.

याच टनात १० किलो युरिया टाकला की ४.६ किलो नत्राची भर पडून प्रमाण १५ वर येतं. हवा मिळाल्यावर हे जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं. तुमचे पैसे वाऱ्यावर.

नत्र लागतं ते देठ आणि काड्यांचं प्रमाण खूप वाढवल्यावर. तेव्हासुद्धा शेणखत किंवा कोंबडीखत घ्या, युरिया नको. अमोनिया येतच असेल तर उलट करा: काड्यांचा चुरा वाढवा आणि दोन दिवसांनी पुन्हा हुंगा.

८. तयार झालं का, हे शेतात टाकण्याआधी बघा

ढीग थंड झाला म्हणजे खत झालं असं नाही. तो वाळूनही थंड होतो. अर्धकच्चा चोथा जमिनीत गेला की मातीतले जिवाणू कुजवण्यासाठी तिथलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. शिवाय सालीतली पॉलिफिनॉलं बी उगवू देत नाहीत.

ओलसर खत पिशवीत बंद करून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक, आंबट आला तर परत ढिगात. दुसरी चाचणी अळिवाची: एक भाग खत, दहा भाग शुद्ध पाणी, तासभर हलवून गाळा. एका ताटलीत कागदावर हे पाणी, दुसऱ्या ताटलीत साधं शुद्ध पाणी, दोन्हींत मोजून सारखं बी. दोन दिवस अंधारात ठेवून किती उगवलं आणि मुळं किती लांब झाली ते ताडून बघा. उगवण आणि मुळांची लांबी यांचा गुणाकार साध्या पाण्याच्या निम्म्याहून कमी आला तर खत अजून घातक आहे, ८० टक्क्यांच्या वर आला तर निर्धास्त वापरा.

उष्ण टप्पा संपल्यावर मुरायला तीन-चार महिने द्या. आणि हे खत पुन्हा द्राक्षबागेतच टाकणार असाल तर माती तपासून टाका. पालाश जास्त झाला की वेलीला मॅग्नेशियम कमी मिळतं आणि रसाचा सामू वर जातो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ढिगातून धूर, जळका वास, किंवा आतलं तापमान ८० च्या वर: ढीग उकरू नका, लोडर लावू नका. आतल्या धुमसत्या मालाला हवा मिळाली की भडका उडतो. अग्निशमन दलाला बोलवा. उंच, अर्धवट वाळलेल्या ढिगात हा धोका जास्त असतो.

चोथा खड्ड्यात, टाकीत किंवा बंद खोलीत साठलेला असेल तर आत उतरू नका. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. हायड्रोजन सल्फाइड तर नाकाची संवेदनाच मारतो, वास थांबला म्हणून हवा शुद्ध झाली असं नसतं. आत कोणी पडलं असेल तरी मागोमाग उडी मारू नका. वायू मोजायचं यंत्र आणि श्वसनसंच असलेल्या पथकालाच बोलवा.

झिरपलेलं पाणी विहीर, ओढा किंवा नाल्यात गेलं असेल तर आधी बांध घालून ते अडवा आणि पर्यावरण खात्याला कळवा. हे पाणी आम्लयुक्त असतं आणि ओढ्यातला प्राणवायू झपाट्याने संपवतं.

बादलीचे आकडे बरोबर, ओल बरोबर, सामू सहाच्या वर, आणि दोनदा नीट रचूनही ५० अंश येत नाहीत? मग आणखी काही मिसळत बसू नका, कंपोस्टचा अनुभव असलेल्या मृदातज्ज्ञाला दाखवा. कॉस्टिकचं पाणी आल्याचा संशय असेल, किंवा द्राक्षांवर मोरचूद आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या भरपूर झाल्या असतील, तर सोडियम, तांबं आणि क्षार प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय ते खत शेतात नेऊ नका. तांबं ढिगात कमी होत नाही, माल आटला की त्याचं प्रमाण उलट वाढतं.

नमुना ढिगाच्या दहा-बारा जागांवरून, वरचा वाळका थर बाजूला करून घ्या. एकत्र कालवून त्यातला किलोभर स्वच्छ पिशवीत भरा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत रोजच्या तापमानाची नोंद, बादलीचे दोन्ही आकडे आणि वायनरीने पाठवलेल्या मालाची यादी द्या.